दुसऱ्याच्या स्टुलावर

१९९० साली ‘एसी/डीसी’ या बँडमध्ये पाच जण होते. हा बँड ऑस्ट्रेलियाचा म्हणून जगभर ओळखला जातो, पण त्या पाचांतला एकही ऑस्ट्रेलियात जन्मलेला नव्हता. गिटार वाजवणारे माल्कम आणि अँगस हे यंग बंधू जन्माने ग्लासगोचे. गायक ब्रायन जॉन्सन इंग्लंडच्या ईशान्येचा, न्यूकॅसलच्या परिसरातला. बेस गिटारवाला क्लिफ विल्यम्स लंडनलगतच्या रॉमफर्डचा. आणि या सगळ्यांच्या मागे, डोकं तुळतुळीत केलेला, ४३ वर्षांचा पाचवा गडी होता वेल्समधल्या पॉन्टिप्रिदचा. त्याचं नाव ख्रिस स्लेड.

त्या वर्षी या पाच जणांनी ‘थंडरस्ट्रक’ नावाचं गाणं बाहेर काढलं. पुढे यूट्यूबवर त्याचा व्हिडिओ शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. खेळाच्या मैदानांवर सामना सुरू होण्याआधी ते वाजतं, हॉलिवूडच्या सिनेमांत वाजतं, व्यायामशाळांत तर ते ऐकून ऐकून लोखंडालाही पाठ झालं असेल. पण त्यावर ड्रम कोणी वाजवलेत, असं विचारलं तर रॉकचे मुरलेले चाहतेसुद्धा ‘फिल रड’ असं सांगून मोकळे होतात. फिल रड हा एसी/डीसीचा गाजलेला ड्रमर. पण हे गाणं झालं तेव्हा तो बँड सोडून सात वर्षं न्यूझीलंडमध्ये राहत होता.

स्लेडच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीत असं वारंवार झालेलं दिसतं. टॉम जोन्स, मॅनफ्रेड मॅन, युराया हीप, गॅरी न्यूमन, डेव्हिड गिल्मोर, जिमी पेज, गॅरी मूर, एसी/डीसी, एशिया: रॉकच्या इतिहासाची अनुक्रमणिका वाटावी अशी ही यादी. यांतल्या बहुतेक ठिकाणी स्लेड ज्या स्टुलावर बसला, ते आधी दुसऱ्या कोणाचं तरी होतं. युराया हीपमध्ये ली कर्सलेकचं. गिल्मोरच्या अल्बमवर जेफ पोर्कारोने वाजवलं होतं, दौऱ्यावर ते स्लेडने वाजवलं. गॅरी मूरकडे कोझी पॉवेलची जागा. एसी/डीसीत सायमन राइटची, आणि सायमन राइट स्वतःच रडच्या जागी आलेला. एशिया तर मुळात कार्ल पामरचा बँड. यातला प्रत्येक माणूस आपापल्या परीने दादा ड्रमर. त्यांच्या जागी बसायचं, त्यांनी बसवलेली गाणी त्यांच्याच चाहत्यांपुढे वाजवायची आणि तरीही तो आपलाच हात आहे असं ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, हा स्लेडचा धंदा. माझ्या मते ही कला रॉकमध्ये सर्वांत कमी दाद मिळालेली कला आहे, कारण ती जितकी चांगली साधते तितकी दिसेनाशी होते.

पॉन्टिप्रिद हे दक्षिण वेल्समधलं गाव टॅफ आणि रोंदा या नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. आजूबाजूच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी होत्या आणि गावात जहाजांच्या नांगरांचे साखळदंड घडवणारा ब्राउन लेनॉक्सचा प्रसिद्ध कारखाना. वेल्सचं राष्ट्रगीतही याच गावात जन्मलं. १८५६ साली इव्हान जेम्स आणि जेम्स जेम्स या बापलेकांनी ते रचलं. बापाचा धंदा विणकरीचा, गाणं रचणं हौसेचं. या भागात चर्चमधलं समूहगायन, खाणकामगारांची गायनमंडळं आणि कामगारांचे क्लब, या तिन्ही ठिकाणी गाणं ही रोजची गोष्ट होती. गाणारा चांगला असला तर त्याचं कौतुक, पण त्यासाठी त्याला गाव सोडावं लागेल असं कोणी धरून चालत नसे.

अशा गावात ३० ऑक्टोबर १९४६ रोजी ख्रिस्टोफर रीस जन्मला. रीस हे अस्सल वेल्श आडनाव. स्लेड हे मंचावरचं नाव त्याने नंतर घेतलं आणि नशीब असं, की सत्तरीच्या दशकात त्याच नावाचा एक बँड ब्रिटनमध्ये तुफान गाजला. त्या बँडशी ख्रिसचा काडीचाही संबंध नव्हता.

गावाला लागूनच असलेल्या ट्रिफॉरेस्टमध्ये थॉमस वुडवर्ड नावाचा एक खाणकामगाराचा मुलगा राहत होता, ख्रिसपेक्षा सहा वर्षांनी मोठा. आवाज असा की क्लबातले पेले थरथरावेत. १९६३ मध्ये तो ‘टॉमी स्कॉट अँड द सेनेटर्स’ नावाच्या बँडमध्ये गात होता. त्या बँडला ड्रमर हवा होता. सोळा वर्षांचा ख्रिस तिथे लागला. पुढच्या वर्षी गॉर्डन मिल्स नावाच्या माणसाने त्यांना ऐकलं. मिल्सही रोंदा खोऱ्यातलाच, पण लंडनला जाऊन गीतकार-व्यवस्थापक झालेला. त्याने सगळ्यांना लंडनला नेलं, थॉमस वुडवर्डचा टॉम जोन्स केला आणि बँडला आधी ‘प्लेबॉइज’ आणि मग ‘स्क्वायर्स’ असं नाव दिलं.

१९६५ च्या सुरुवातीला मिल्स आणि लेस रीड यांनी लिहिलेलं ‘इट्स नॉट अनयुज्वल’ आलं आणि मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या ध्वनिमुद्रणावर ड्रम कोणी वाजवलेत, यावर आजही एकमत नाही. अँडी व्हाइट, रॉनी व्हेरेल आणि स्वतः स्लेड अशी निरनिराळी नावं छापून आली आहेत. गिटारवर जिमी पेज होता, असंही एक जण सांगतो तर दुसरा खोडून काढतो.

हा गोंधळ त्या काळातल्या कामाच्या पद्धतीतून आला होता. लंडनमधल्या ध्वनिमुद्रणाची एक पाळी साधारण तीन तासांची असे. कंपनीला तेवढ्या वेळात दोन-तीन गाणी हातात पडायला हवी असत. बँडमधली पोरं मंचावर कितीही झकास वाजवत असली तरी स्टुडिओत लाल दिवा लागल्यावर बिचकतील, वेळ खातील, ही निर्मात्यांची धास्ती. म्हणून कागदावरचं वाचून पहिल्याच फेरीत बिनचूक वाजवणारे व्यावसायिक वादक बोलावले जात. क्लेम कॅटिनी नावाच्या एकाच ड्रमरने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या चाळीसहून अधिक गाण्यांवर वाजवलं आहे. बीटल्सचीही यातून सुटका झाली नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये ‘लव्ह मी डू’साठी निर्मात्याने अँडी व्हाइटला बोलावलं आणि रिंगो स्टारच्या हातात खंजिरी दिली. रिंगोला ते पुढे अनेक वर्षं सलत राहिलं. वादकाला पाळीची ठरलेली बिदागी मिळे. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव छापायची पद्धत नव्हती, आणि गाणं लाखांनी खपलं तरी त्याला वरचा पैसा मिळत नसे. कोणी काय वाजवलं याची नोंद ठेवावी असं कोणालाच वाटलं नाही, कारण त्या नोंदीवर कोणाचा पैसा अवलंबून नव्हता.

या वातावरणात स्लेड वाढला. टॉम जोन्सबरोबर त्याने अमेरिका पाहिली, टीव्हीचे कार्यक्रम केले, लास व्हेगासचे झगमगाटी मंच पाहिले. रोज रात्री एका गायकाच्या मागे बसून, गायकाला नेमकं कधी श्वास घ्यायचा आहे हे पाठीवरून ओळखायचं, हे शिक्षण त्याला तिथे मिळालं असणार. १९६९ मध्ये स्क्वायर्सची साथ संपली. टॉम जोन्सचा कारभार आता मोठ्या वाद्यवृंदांचा झाला होता. बावीस वर्षांचा स्लेड मोकळा झाला. पुढच्या आयुष्यात हे आणखी बऱ्याचदा व्हायचं होतं.

१९७१ ते १९७८ ही सात वर्षं मात्र वेगळी आहेत. या ठिकाणी स्टूल पहिल्या दिवसापासून त्याचं स्वतःचं होतं.

मॅनफ्रेड मॅन हा जोहान्सबर्गचा जॅझवाला. वर्णद्वेषी राजवटीला कंटाळून इंग्लंडला आलेला, साठीच्या दशकात हलकीफुलकी गाणी गाजवून त्यालाही कंटाळलेला. १९७१ मध्ये त्याने ‘मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँड’ उभा केला. गिटार आणि गायनाला मिक रॉजर्स, बेसला कॉलिन पॅटेंडन, ड्रमवर स्लेड. एसी/डीसीवाला स्लेड म्हणून जे त्याला ओळखतात, त्यांनी १९७३ चा ‘सोलर फायर’ ऐकावा. बॉब डिलनच्या जेमतेम दीड मिनिटाच्या एका प्रार्थनावजा गाण्याचा या लोकांनी तिथे जवळजवळ दहा मिनिटांचा डोंगर केला आहे. त्यात ड्रम कधी दबक्या पावलांनी चालतात, कधी अंगावर येतात. मात्रांशी खेळणं आहे, मध्येच लय मोडून पुन्हा उभी करणं आहे. ज्याच्यावर पुढे ‘सरळसोट ठेकेवाला’ असा शिक्का बसला, तो माणूस काय काय करू शकत होता हे इथे कळतं. म्हणजे पुढचा सरळ ठेका त्याने विचारपूर्वक निवडलेला होता.

या बँडची एक गंमत वेल्सच्या मातीशी थेट जोडलेली आहे. १९७४ मध्ये त्यांनी ‘द गुड अर्थ’ नावाचा अल्बम काढला आणि तो विकत घेणाऱ्याला वेल्समधल्या ब्रेकन परगण्यातल्या एका टेकडीवर एक चौरस फूट जमीन नोंदवून घेता येईल अशी योजना केली. रेकॉर्ड घ्या, सोबतचा कागद भरून पाठवा आणि जमीनदार व्हा! हजारो लोकांनी ती नोंदणी केली. ड्रमर वेल्सचा, जमीन वेल्सची. गिऱ्हाईक मात्र सगळ्या मुलखांतलं.

१९७६ मध्ये ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ आलं. हे गाणं ब्रूस स्प्रिंगस्टीनचं, त्याच्या १९७३ च्या पहिल्या अल्बमवरचं. तिथे ते धावतं, शब्दांनी ठासून भरलेलं आणि खपाच्या दृष्टीने फसलेलं होतं. अर्थ बँडने त्याचा वेग, बांधणी, सगळंच बदललं. पण ध्रुवपदाकडून कडव्याकडे परत येताना गाणं अडखळत होतं. मॅनफ्रेड मॅनने पुढे सांगितलेला किस्सा असा, की सगळे डोकं धरून बसले असताना ड्रमर म्हणाला, इथे ‘चॉपस्टिक्स’ वाजव. चॉपस्टिक्स म्हणजे पाश्चात्त्य घरांत लहान मुलं पियानोवर दोन बोटांनी बडवतात ती धून. जॅझ शिकलेल्या मॅनला आधी हा वेडेपणा वाटला, पण वाजवून पाहिलं तर चपखल बसलं. आजही ते गाणं ऐकताना मध्येच ती बालिश धून येते आणि हसू फुटतं. फेब्रुवारी १९७७ मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्प्रिंगस्टीनने एकट्याने लिहिलेलं आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिलं आलेलं हे एकमेव गाणं. त्याची स्वतःची धाव दुसऱ्या क्रमांकापर्यंतच गेली.

त्या गाण्याचा कर्ता म्हणून अर्थातच स्प्रिंगस्टीनचं नाव लागतं. ड्रमरने सुचवलेल्या युक्तीसाठी रॉकच्या हिशोबात कुठलाच रकाना नाही. शब्द आणि चाल ज्याची, गाणं त्याचं. ठेका कोणाचा, हे कायदा विचारत नाही. ड्रमरच्या पिढ्यान्पिढ्या यावर कुरकुरत आल्या आहेत आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. अनेक गाणी लोकांना पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येतात ती ड्रममुळेच.

आठ अल्बम करून १९७८ मध्ये स्लेड अर्थ बँडमधून बाहेर पडला. मग सुरू झाली फिरस्ती.

युराया हीपमधला त्याचा काळ थोडक्यात आटपायला हरकत नाही. १९८० चा ‘कॉन्क्वेस्ट’ हा अल्बम त्या बँडच्या भक्तांना आजही सहन होत नाही. त्यात गायलेला जॉन स्लोमनही वेल्सचाच, कार्डिफचा. दोघांनाही तिथे फार काळ राहता आलं नाही. गॅरी न्यूमनच्या १९८२ च्या ‘आय, असॅसिन’ या अल्बमवरचं काम मात्र आवर्जून ऐकण्याजोगं आहे. न्यूमन हा सिंथेसायझरचा, थंड, यंत्रासारख्या संगीताचा माणूस. त्याने ड्रमला घेतलं स्लेडला आणि पडद्याविनाच्या बेस गिटारला पिनो पॅलाडिनोला. पॅलाडिनोही कार्डिफचा, तेव्हा जेमतेम पंचविशीचा, आणि पुढे जगातला सर्वांत मागणी असलेला सेशन बेसवादक झालेला. दोन वेल्श माणसांनी त्या थंड संगीताखाली घातलेला ऊबदार पाया आज चाळीस वर्षांनीही ताजा वाटतो.

मग १९८४. स्लेड हा किस्सा मुलाखतींत रंगवून सांगतो. हाताला विशेष काम नव्हतं. तेवढ्यात फोन आला, पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरचा. स्वतःच्या अल्बमच्या दौऱ्यासाठी ड्रमर हवा होता. स्लेडने होकार दिला. थोड्याच वेळाने दुसरा फोन, लेड झेपेलिनच्या जिमी पेजचा. गायक पॉल रॉजर्सबरोबर नवा बँड काढतोय, येतोस का? स्लेडला सांगावं लागलं, की आत्ताच गिल्मोरला शब्द दिलाय. पेज म्हणाला, आम्ही थांबू.

या किश्शात मला दिसतो तो या धंद्यातला मुख्य नियम: आधी दिलेला शब्द पाळायचा, मग फोनवर कोणीही असो. मोडणाऱ्याची बातमी पसरायला वेळ लागत नाही. गिल्मोरच्या दौऱ्याचं लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधलं चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात पिंक फ्लॉइडचा मूळ ड्रमर निक मेसनही पाहुणा म्हणून येऊन जातो. स्टुलाचा मालक हजर असताना स्टुलावर बसायची वेळही स्लेडवर आली म्हणायची.

पेज खरोखरच थांबला. त्याच्या मनात आधी ड्रमर बिल ब्रुफर्ड आणि बेसवादक पिनो पॅलाडिनो ही जोडी होती, पण ती जमली नाही. शेवटी ‘द फर्म’ झाला तो पेज, रॉजर्स, बेसवर टोनी फ्रँकलिन आणि स्लेड असा. १९८५ आणि १९८६ मध्ये दोन अल्बम आले. लोकांना लेड झेपेलिन पुन्हा हवं होतं आणि हे ते नव्हतं, त्यामुळे बँड दोन वर्षांत मिटला. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम याच्यानंतर पेजच्या मागे बसायचं हे ड्रमरसाठी काय ओझं असेल याची कल्पना करा. स्लेडने बॉनमची नक्कल केली नाही आणि त्याला टाळण्याचा खटाटोपही केला नाही. गाण्याला लागेल तेवढं वजन टाकलं.

याच सुमारास त्याच्याच मुलखातला दुसरा ड्रमर उलट्या बाजूने हाच अनुभव घेत होता. स्वॉन्सीचा टेरी विल्यम्स हा ‘डायर स्ट्रेट्स’चा रीतसर ड्रमर. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या १९८५ च्या अल्बमचं ध्वनिमुद्रण माँटसेरात बेटावर चालू असताना बँडचा म्होरक्या मार्क नॉफ्लर आणि निर्मात्याला वाटलं, काहीतरी जमत नाहीये. न्यूयॉर्कहून ओमर हकीम या ड्रमरला बोलावण्यात आलं. तो आला, जवळजवळ सगळा अल्बम झपाट्याने वाजवला आणि निघून गेला. विल्यम्सचं काय उरलं? ‘मनी फॉर नथिंग’च्या सुरुवातीचा तो ड्रमचा गडगडाट. म्हणजे अख्ख्या अल्बममधला ड्रमचा सर्वांत लक्षात राहणारा तुकडा त्याचाच. पुढे सगळा जगदौराही त्यानेच केला, हकीमने मुद्रित केलेला ठेका रोज रात्री वाजवत. आपलंच स्टूल असताना दुसऱ्याचं वाजवायची ही पाळी.

गॅरी मूरच्या १९८९ च्या दौऱ्यातून कोझी पॉवेल बाहेर पडला आणि स्लेड आत गेला. तिथलं त्याचं वादन माल्कम यंगच्या नजरेत भरलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सायमन राइटने एसी/डीसी सोडून रॉनी जेम्स डिओकडे जायचं ठरवलं, आणि अल्बमपुरतं म्हणून स्लेडला बोलावणं आलं. ध्वनिमुद्रण झालं कॅनडात, व्हँकुव्हरच्या लिट्ल माउंटन स्टुडिओत. निर्माता ब्रूस फेअरबेर्न. काम ऐकून यंग बंधूंनी त्याला बँडमध्येच घेतलं.

एसी/डीसीचं ड्रमिंग हा गैरसमजाचा विषय आहे. चार मात्रा, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पायाखालचा बेस ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्याला स्नेअर, उजव्या हाताने हाय-हॅट या झांजांच्या जोडीवर सरळ आठ आघात. बहुतेक गाण्यांत शेवटपर्यंत एवढंच. कोणताही नवशिका हे पंधरा दिवसांत शिकतो आणि जन्मभर वाजवूनही त्याचं एसी/डीसी होत नाही. विलंबित ख्यालाला साधा ठेका धरून बसणाऱ्या तबलजीचं कसब ज्यांना कळतं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. ती जागा मोकळी सोडण्याचे पैसे मिळतात.

फिल रड हा या सोडून देण्याचा बादशहा. त्याचा स्नेअर मात्रेच्या जागेवरच पडतो, पण किंचित मागे रेलून. त्यामुळे गाणं डुलतं. स्लेडचा हात निराळा आहे. तो मात्रेच्या बरोबर मध्यावर, खांद्यापासून उचलून मारतो. त्याच्या ठेक्यावर गाणं कूच करतं. दोन बेस ड्रम, मोठे टॉम-टॉम ड्रम, आवाजाला एक रुंदी. रडच्या भक्तांना यात घडणीचा जडपणा वाटतो. ‘हायवे टू हेल’सारख्या जुन्या, डुलत्या गाण्यांपुरतं मलाही त्यांचं म्हणणं पटतं. पण ‘थंडरस्ट्रक’ रडने वाजवलं असतं तर ते वेगळंच गाणं झालं असतं. त्या गाण्यात अँगसची गिटार सुरुवातीपासून एकाच तारेवर थरथरत राहते. ड्रमरचं पहिलं काम थांबण्याचं. मग समूहाच्या घोषाबरोबर एकेक आघात, मग टॉम-टॉमची चाल, आणि पुरता ठेका उघडेपर्यंत ऐकणारा खुर्चीच्या कडेला आलेला असतो. हे ताणून धरणं अर्थ बँडच्या दहा-दहा मिनिटांच्या गाण्यांत तयार झालेल्या हाताचं आहे.

मंचावर याचं नाट्य आणखी वाढवलं गेलं. स्लेडच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर, दोन अवाढव्य ड्रम टांगलेले असत. घोष आला की तो दोन्ही हात पसरून ते एकदम हाणी. १७ ऑगस्ट १९९० रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत या गाण्याचा व्हिडिओ चित्रित झाला आणि बरोबर एक वर्षाने, १७ ऑगस्ट १९९१ ला, डॉनिंग्टनच्या मैदानावरचा कार्यक्रम दिग्दर्शक डेव्हिड मॅलेटने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपला. मैफलीच्या चित्रपटांत इतकं देखणं काम विरळा. त्यानंतर सहा आठवड्यांत, २८ सप्टेंबरला, मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर कार्यक्रम झाला. सोव्हिएत संघातलं ऑगस्टमधलं फसलेलं बंड होऊन महिना उलटला होता. प्रवेश फुकट होता, आणि गर्दीचे अंदाज काही लाखांपासून सोळा लाखांपर्यंत वाट्टेल तसे दिले जातात. त्या अफाट गर्दीला लय देणारी काठी पॉन्टिप्रिदच्या माणसाच्या हातात होती.

‘द रेझर्स एज’ हा अल्बम अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथेच पन्नास लाखांवर खपला. त्यातलं प्रत्येक गाणं अँगस आणि माल्कम यंग यांच्या नावावर आहे.

१९९४ मध्ये माल्कमने स्लेडला कळवलं, की फिल रडबरोबर पुन्हा वाजवून पाहायचं आहे. तुझ्या कामात काही उणं आहे असं नाही, हेही सांगितलं. स्लेडला पुढचं सगळं समजलं आणि त्याने आपणहून निरोप घेतला. बँडमधला सर्वांत चांगला वादक स्लेडच होता, असं अँगसने नंतर बोलून दाखवलं. पण रड हवा होता तो हवाच होता. या वाक्याइतकं क्रूर प्रशस्तिपत्र मी दुसरं वाचलेलं नाही. स्लेडने पुढे सांगितलं, की त्यानंतर तीन वर्षं त्याने ड्रमला हात लावला नाही.

यंग बंधूंची बाजूही समजू शकते. माल्कमची डावीकडची गिटार आणि रडचा उजवा हात यांचं जे काही होतं ते १९७५ पासून एकत्र घासून घासून झालेलं होतं. २००३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एसी/डीसीला मान मिळाला, तेव्हा रडचं नाव होतं, स्लेडचं नव्हतं. मला विचाराल तर ‘थंडरस्ट्रक’च्या जोरावर जो बँड दुसऱ्यांदा तरुण झाला, त्याने एवढी नोंद घ्यायला हरकत नव्हती.

पुढे १९९९ पासून सहा वर्षं स्लेड एशियात होता, ‘ऑरा’ आणि ‘सायलेंट नेशन’ हे दोन अल्बम त्याच्या नावावर आहेत. तो गेल्यानंतर वर्षभरातच त्या बँडचे मूळ चौघे पुन्हा एकत्र आले आणि कार्ल पामर आपल्या जागेवर परतला.

नोव्हेंबर २०१४. ‘रॉक ऑर बस्ट’ हा नवा अल्बम तोंडावर आलेला असताना न्यूझीलंडच्या तौरंगात फिल रडला अटक झाली. माल्कम स्मृतिभ्रंशाने आधीच बाहेर, त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग. व्हिडिओंपुरता बॉब रिचर्ड्स नावाचा ड्रमर घेतला होता, आणि काय योगायोग पाहा, तोही वेल्सचाच. ८ फेब्रुवारी २०१५ ला ग्रॅमी सोहळ्यात एसी/डीसी मंचावर आले तेव्हा मागे तेच चकाकतं डोकं होतं. एकवीस वर्षांनी. वय ६८.

तो दौरा दीड वर्ष चालला. मध्येच ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी सांगितलं, गाणं थांबव नाहीतर कान पूर्ण जातील. त्याच्या जागी आला ‘गन्स एन’ रोझेस’चा अ‍ॅक्सल रोझ, आणि त्याचा पाय मोडलेला. ७ मे २०१६ ला लिस्बनमध्ये तो पहिल्यांदा गायला ते एका सिंहासनवजा खुर्चीवर बसून. ती खुर्चीही ‘फू फायटर्स’च्या डेव्ह ग्रोलकडून उसनी आणलेली. म्हणजे त्या रात्री गायक दुसऱ्याच्या जागी आणि दुसऱ्याच्या खुर्चीवर, गिटारवाला काकाच्या जागी, ड्रमर रडच्या जागी. मूळ बँडमधला अँगस तेवढा उरलेला. तरीही त्या दौऱ्याची जी चित्रणं आहेत त्यांत गाडी कुठे डगमगताना दिसत नाही, आणि याचं श्रेय मी आधी ड्रमच्या स्टुलाला देईन. असले प्रसंग त्या माणसाने पन्नास वर्षं पाहिलेले होते. दौरा २० सप्टेंबर २०१६ ला फिलाडेल्फियात संपला तेव्हा सत्तरी त्याच्यापासून सहा आठवड्यांवर होती. २०२० च्या ‘पॉवर अप’वर पुन्हा रड.

स्लेडचा स्वतःचा एक बँड आहे, २०१२ पासूनचा, ‘टाइमलाइन’ नावाचा. त्यात तो आपल्या कारकिर्दीतली सगळी गाणी वाजवतो: अर्थ बँड, फर्म, गिल्मोर, एसी/डीसी, एशिया. एसी/डीसीच्या दौऱ्यावरून परतल्यावर त्याने पुन्हा तेच सुरू केलं, हजारोंच्या स्टेडियममधून थेट काहीशे लोकांच्या सभागृहांत. या बँडच्या गिटारवादकांना एका संध्याकाळी जिमी पेज, गिल्मोर आणि अँगस यंग व्हावं लागतं. गायकांना कधी पॉल रॉजर्सच्या जागी उभं राहायचं, कधी ब्रायन जॉन्सनच्या. आपल्या जागेवर बसलेला असा त्या मंचावर एकटा ड्रमर.